डायजेस्टरमागच्या त्या पाईपबद्दल : एसटीपीवाल्या मंडळींना खुलं पत्र

एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) डिझाइन करणाऱ्या, त्यांची टेंडरं लिहिणाऱ्या आणि फायलीवर शेवटची सही करणाऱ्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

हे पत्र एका पाईपबद्दल आहे. डायजेस्टरमधून, म्हणजे गाळ बिनहवेचा कुजवणाऱ्या बंद टाकीतून, निघालेला स्लज (गाळ) सेंट्रिफ्यूजवर किंवा बेल्ट प्रेसवर पिळला की जे काळपट, कोमट, नाकात जाणारं पाणी सुटतं ते ज्या पाईपमधून गुपचूप परत प्लांटच्या तोंडाशी, इनलेटला जातं तो पाईप. तुमच्या ड्रॉइंगवर तो बहुतेक वेळा एका बारीक तुटक रेषेने काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं 'टू इनलेट', झालं, विषय संपला. पण विषय तिथे संपत नाही, खरं तर तिथूनच सुरू होतो, कारण प्लांटला येणाऱ्या एकूण पाण्याच्या मानाने हे पाणी जेमतेम एक-दोन टक्के असलं तरी एकूण नायट्रोजनच्या लोडमधला १५ ते २० टक्के वाटा त्याचा असतो, कधी त्याहून जास्त. लिटरमागे ५०० ते १५०० मिलिग्रॅम अमोनिकल नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) सहज. म्हणजे जो नायट्रोजन आपण एवढी वीज जाळून, एवढा स्लज काढून पाण्यातून बाजूला केला, त्यातला मोठा भाग डायजेस्टरमध्ये परत विरघळतो आणि फिरून दारात येऊन उभा राहतो. केर काढून उंबऱ्याबाहेर ठेवायचा, वाऱ्याने आत आला की पुन्हा काढायचा, आणि रोज म्हणायचं की झाडलोट फार महाग पडते, असा हा प्रकार आहे.

आता हा परत आलेला अमोनिया आपण काढतो कसा, तर नेहमीच्याच पद्धतीने. एरेशन टँकमध्ये हवा मारायची, नायट्रिफाय करणाऱ्या बॅक्टेरियांकडून अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून घ्यायचं, नंतर बिनहवेच्या टँकमध्ये दुसऱ्या बॅक्टेरियांना कार्बन खायला घालून त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायचा. पद्धत चांगली आहे, शंभरेक वर्षांत घासूनपुसून पक्की झालीय, मी तिच्या विरोधात नाही. पण हिशोब बघा. एक किलो अमोनिकल नायट्रोजन पूर्ण नायट्रेटपर्यंत न्यायला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, शिवाय कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सात किलोच्या वर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खर्च होते. मग त्या नायट्रेटला परत खाली आणायला कमीत कमी २.८६ किलो सीओडी (बॅक्टेरियांना खायला लागणाऱ्या कार्बनचं माप), प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. आणि सांडपाण्यातला कार्बन पुरला नाही तर मीथेनॉल विकत आणा, किलोभर नायट्रोजनमागे साधारण अडीच-तीन किलो. डिनायट्रिफिकेशनमध्ये थोडा ऑक्सिजन परत मिळतो हे मान्य, पण त्यासाठी जो कार्बन जातो तोच डायजेस्टरला दिला असता तर त्याचा बायोगॅस झाला असता ना. प्लांटच्या विजेच्या बिलात साधारण निम्मा भाग एरेशनचा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको, बिल तुमच्याकडेच येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पाईपमधल्या पाण्याला वेगळी टाकी द्या आणि ते काम अशा बॅक्टेरियांना द्या ज्यांना अमोनिया खायला ऑक्सिजन लागतच नाही. अ‍ॅनामॉक्स. नाव तुम्ही ऐकलेलं असणार, एखाद्या प्रेझेंटेशनमध्ये लाल दाण्यांचा फोटो पण बघितला असेल आणि 'हे आपल्याकडे नको, फार नाजूक असतं' म्हणून पुढची स्लाइड मागितली असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

याची गोष्ट मला व्यक्तिशः फार आवडते कारण हे बॅक्टेरिया सापडायच्या आधी कागदावर सापडले होते. कितीतरी वर्षं सगळे हेच शिकवत होते की ऑक्सिजन नसेल तर अमोनियम (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाचं रूप) जागचं हलत नाही, तसंच पडून राहतं. १९७७ मध्ये ऑस्ट्रियाचे केमिस्ट एंगेलबर्ट ब्रोडा यांनी नुसता ऊर्जेचा हिशोब मांडून लिहिलं की अमोनियम आणि नायट्राइट यांच्या रिअ‍ॅक्शनमधून जगायला पुरेल एवढी ऊर्जा सुटते, तेव्हा तिच्यावर जगणारा कोणीतरी जीव निसर्गात असायला हवा, आपल्याला तो अजून दिसलेला नाही एवढंच. त्याच्याही आधी, १९६५ च्या सुमारास, फ्रान्सिस रिचर्ड्स या समुद्रशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की ऑक्सिजन संपलेल्या फ्योर्डच्या (समुद्राच्या चिंचोळ्या, खोल खाडीच्या) पाण्यात जेवढं अमोनियम साठायला पाहिजे तेवढं साठलेलं नसतं, कुठेतरी गायब होतंय. दोन्ही गोष्टी तशाच पडून राहिल्या. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गिस्ट-ब्रोकाडेस या यीस्ट बनवणाऱ्या कंपनीच्या सांडपाण्याच्या पायलट रिअ‍ॅक्टरमध्ये अर्नोल्ड मुल्डर यांना दिसलं की हवा नसताना अमोनिया कमी होतोय, नायट्रेट पण कमी होतंय, आणि नायट्रोजन वायू वाढतोय. आपल्यापैकी किती जणांनी असा रीडिंग आल्यावर लॅबवाल्याला सॅम्पल पुन्हा लावायला सांगून विषय मिटवला असता? त्यांनी नाही मिटवला. डेल्फ्ट विद्यापीठात खिस कुनेन यांच्या ग्रुपने पाठपुरावा केला, हे काम सजीवच करतायत हे दाखवलं, १९९५ मध्ये पेपर आले, आणि १९९९ मध्ये मार्क स्ट्रॉस, माइक येटन आणि सहकाऱ्यांनी तो बॅक्टेरिया नक्की कोण हे ओळखून काढलं. प्लँक्टोमायसिटीज नावाच्या गटातला निघाला. ब्रोकाडिया, कुनेनिया, येटेनिया ही त्यांची नावं कुठून आली हे वेगळं सांगत नाही. नावापुढे अजून 'कँडिडेटस' लावतात कारण नेहमीच्या अर्थाने शुद्ध कल्चर कोणाला करता आलेलं नाही, ते गर्दीतच राहतात.

आणि हा काही सांडपाण्यातला चमत्कारिक अपवाद पण नाही. २००३ मध्ये काळ्या समुद्रात आणि कोस्टा रिकाच्या गोल्फो दुल्से या आखातात हीच प्रक्रिया सापडली. समुद्रातून हवेत जाणाऱ्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा यांच्यामार्फत जातो असं आता मानलं जातं. म्हणजे ज्यांना आपण 'नवीन टेक्नॉलॉजी, अजून प्रूव्ह व्हायची आहे' म्हणतो ते आपल्या कितीतरी आधीपासून काम करतायत.

पेशीच्या आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा त्रास तिथूनच येतो. अमोनियमचा एक रेणू आणि नायट्राइटचा एक रेणू घेऊन त्यातून नायट्रोजन वायू आणि पाणी, हा ढोबळ व्यवहार. पण मधल्या टप्प्यावर ते नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि मग हायड्राझिन, हो, रॉकेटच्या इंधनात वापरतात तेच हायड्राझिन. इतकं विषारी आणि रिअ‍ॅक्टिव्ह काहीतरी पेशीत मोकळं फिरवता येत नाही, म्हणून यांच्या पोटात एक वेगळा कप्पा असतो, अ‍ॅनामॉक्सोझोम, आणि त्याच्या भोवतीचा पडदा अशा लिपिडचा की ज्यात कार्बनचे चौकोन शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाला एक जोडलेले असतात. लॅडरेन म्हणतात त्याला. बॅक्टेरियाच्या पोटात कप्पा असणं हेच मुळात दुर्मिळ आहे. हे सगळं सांभाळून हातात येणारी ऊर्जा फार नाही, त्यात कार्बन पण कार्बन डायऑक्साइडमधून स्वतःच घडवायचा, त्यामुळे हे वाढतात अतिशय हळू. सुरुवातीच्या मोजमापांत एकाचे दोन व्हायला ११ दिवस लागत होते. नंतर लॅबमध्ये भरपूर लाड करून दोन-तीन दिवसांपर्यंत आणलाय हा वेळ, पण प्लांटमध्ये लाड कोण करतंय. तुमच्या एरेशन टँकमधले कार्बन खाणारे बॅक्टेरिया काही तासांत दुप्पट होतात, त्या मानाने ही मंडळी म्हणजे अगदीच निवांत.

एक गोष्ट स्पष्ट करतो कारण विकणारे लोक ती नेहमी गिळतात. अ‍ॅनामॉक्सला ऑक्सिजन लागत नाही पण त्याला नायट्राइट लागतं, आणि नायट्राइट काही आपोआप येत नाही, ते नेहमीच्या अमोनिया खाणाऱ्या बॅक्टेरियांकडून हवा देऊनच करून घ्यावं लागतं. म्हणजे साधारण निम्म्याहून थोडा जास्त अमोनिया नायट्राइटपर्यंत न्यायचा, उरलेला तसाच ठेवायचा, आणि मग दोघांची गाठ घालायची. 'झिरो एरेशन' असं ब्रोशरवर दिसलं तर सरळ प्रश्न विचारा. तरीही हिशोब जमतो, कारण किलोभर नायट्रोजनमागे ऑक्सिजन ४.५७ ऐवजी १.९ किलोच्या आसपास लागतो, बाहेरून कार्बन अजिबात नाही, मीथेनॉलची टाकी नको, आणि स्लज फारच कमी. बदल्यात एक बारीक उणीव राहते, काढलेल्या नायट्रोजनपैकी साधारण ११ टक्के नायट्रेट म्हणून उरतो कारण वाढताना हे स्वतःच थोडं नायट्रेट करतात. ते इनलेटला गेलं तर तिथला कार्बन त्याला बघून घेतो, इतकं काही बिघडत नाही.

आणि या पाण्याची एक गंमत आहे जी कुठल्याही डिझायनरला आवडायला हवी. डायजेस्टरच्या पाण्यात अमोनियम आणि बायकार्बोनेट (म्हणजेच तिथली अल्कलिनिटी) जवळजवळ जोडीने असतात, एकास एक. आता एक अमोनियम नायट्राइटपर्यंत न्यायला दोन बायकार्बोनेट खर्च होतात. म्हणजे काय, तर निम्मा अमोनिया झाला की अल्कलिनिटी संपते, पीएच घसरतो आणि काम आपोआप थांबतं. आपल्याला पाहिजे तेवढंच! वर पाणी कोमट, साधारण ३० डिग्री, जे अ‍ॅनामॉक्सला आवडतं. म्हणजे ज्या पाण्याला आपण सगळ्यात वाईट समजून लपवतो तेच याच्यासाठी जणू मापाने शिवलेलं आहे.

मग अडतं कुठे? तुमच्या टेंडरमध्ये अडतं. रागावू नका, खरं तेच लिहितोय.

पहिला मोठा प्लांट रॉटरडॅमच्या डॉकहावनला, २००२ मध्ये सुरू केला. ७० घनमीटरचा रिअ‍ॅक्टर, लॅबच्या दहा लिटरच्या भांड्यावरून थेट तिथे उडी, मधला पायलट नाही. पूर्ण क्षमतेला यायला साडेतीन वर्षं लागली. साडेतीन! त्या काळात जगात कुठे बी म्हणून आणायला दुसऱ्या प्लांटचा स्लज नव्हता, टॉक्सिसिटीचे, तापमानाचे, यंत्रांचे नाना त्रास झाले, पण त्यांनी तो गुंडाळला नाही, आणि शेवटी त्या एवढ्याशा टाकीने दिवसाला दर घनमीटरमागे साडेनऊ किलोच्या आसपास नायट्रोजन काढून दाखवला. नेहमीच्या पद्धतीत अर्ध्या किलोच्या आतच खेळ असतो. नंतरच्या प्लांटना तिथून बी मिळालं आणि त्यांची सुरुवात कितीतरी लवकर झाली. ऑस्ट्रियात स्ट्रासला २००४ पासून एकाच टाकीत दोन्ही कामं करणारा प्लांट चालतोय. २०१४ पर्यंत जगभरात असे शंभरच्या आसपास पूर्ण आकाराचे प्लांट झाले होते, त्यामुळे 'प्रूव्हन नाही' ही शेरेबाजी आता तरी बंद करा.

आता आपलं नेहमीचं टेंडर बघा. सिव्हिल, मेकॅनिकल, मग कमिशनिंग ९० दिवस, त्यात परफॉर्मन्स टेस्ट, नापास झाला तर दंड. ११ दिवसांचा डबलिंग धरला तर एक किलोचे हजार किलो व्हायला दहा डबलिंग, म्हणजे ११० दिवस, ते सुद्धा एकही पेशी पाण्याबरोबर वाहून गेली नाही तर, आणि ती जातेच. त्यामुळे होतं काय की शहाणा कॉन्ट्रॅक्टर भरतच नाही, भाबडा भरतो आणि अडकतो, आणि तिसऱ्या महिन्यात मीटिंगमध्ये ठरतं की हे काही चालत नाही, ब्लोअर वाढवा आणि नेहमीसारखं करा. बॅक्टेरियांनी काही वाकडं केलेलं नसतं हो, त्यांना वेळच मिळालेला नसतो. बॉयलर बसवला की पेटवला असं हे नाही, इथे वाढवावं लागतं, आणि वाढवायला जितके दिवस लागतात तितके लागतातच. ते कोणाच्या आर्थिक वर्षाशी जुळत नाहीत.

म्हणून टेंडरमध्ये काय पाहिजे, तर बी किती आणि कुठून येणार हे बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहा, त्याचे पैसे वेगळे द्या. चालू प्लांटचा अ‍ॅनामॉक्स स्लज किंवा हे बॅक्टेरिया ज्यांवर वाढलेत ते कॅरियर (बॅक्टेरियांना चिकटायला दिलेले तुकडे) आणले तर महिनोन्महिने वाचतात. कमिशनिंगची मुदत टप्प्याटप्प्याने ठेवा, लोड दहा टक्के, मग वीस, मग पुढे, आणि पेमेंट त्या टप्प्यांना बांधा, एका तारखेला नको. त्या काळात उरलेलं पाणी पूर्वीसारखं इनलेटला जाऊ द्या, तसंही आज ते जातंच आहे, त्यामुळे आउटलेटचा धोका वाढत नाही हे कोणीतरी फायलीत लिहून ठेवा म्हणजे सही करणाऱ्याला भीती वाटणार नाही.

आणि स्लज टिकवायची सोय आधी बघा, नायट्रोजन नंतर. हळू वाढणाऱ्याला वाहून जाऊ दिलं की सगळं मुसळ केरात. कोणी प्लास्टिकच्या कॅरियरवर वाढवतात, कोणी दाणे करतात, स्ट्राससारख्या ठिकाणी हायड्रोसायक्लोन लावून जड लाल दाणे परत टाकीत आणि हलका फ्लॉक (इतर बॅक्टेरियांचा भुसभुशीत गाळ) बाहेर असं वेगळं करतात. तिन्ही चालतात, माझा कल कॅरियरकडे, कारण रात्रपाळीला कोणाचं लक्ष चुकलं तरी तेवढ्याने सगळं वाहून जात नाही. हे मत आहे, भांडायला मोकळे आहात.

चालवताना त्रास काय होतात ते पण सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल की एकच बाजू सांगतोय. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) थोडा जरी वाढला तरी अ‍ॅनामॉक्स काम थांबवतात, हवा कमी केली की परत सुरू होतात, पण खरी भीती दुसरीच असते, ती नायट्राइट खाऊन नायट्रेट करणाऱ्या बॅक्टेरियांची. ते माजले की अ‍ॅनामॉक्सच्या ताटातलं काढून नेतात. म्हणून हवा थांबत-थांबत द्यायची, डीओ अगदी खाली ठेवायचा. नायट्राइट साठू दिलं तर ते अ‍ॅनामॉक्सलाच बाधतं. सेंट्रिफ्यूज नीट चालत नसेल तर पाण्याबरोबर घन येतं, स्लज पिळताना घातलेला पॉलिमर येतो, कॅरियर बरबटतात, आणि दोष येतो बॅक्टेरियांवर. अमोनिया, नायट्रेट, पीएच, डीओ यांचे ऑनलाइन सेन्सर लागतात आणि ते पुसायला, कॅलिब्रेट करायला माणूस लागतो, नुसते बसवून उपयोग नाही. आणि नायट्रस ऑक्साइड, हे कोणी बोलत नाही. अ‍ॅनामॉक्स स्वतः तो बनवत नाहीत पण नायट्राइट बनवण्याच्या टप्प्यात तो सुटू शकतो आणि शंभर वर्षांच्या मापात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणजे विजेत वाचवलेलं वायूत घालवाल. हवा अचानक जोरात मारणं टाळलं, नायट्राइट चढू दिलं नाही तर तो बराच आटोक्यात राहतो. मोजा मात्र. न मोजता 'ग्रीन' लिहू नका.

आता कोणीतरी म्हणेल की मग फक्त त्या पाईपलाच का, सगळ्या सांडपाण्यालाच लावू या. थांबा. मुख्य प्रवाहात अमोनिया पातळ, लिटरमागे काही दहा मिलिग्रॅम, कार्बन भरपूर, पाणी अनेक ठिकाणी गार, आणि नायट्राइट खाणाऱ्यांना दाबून ठेवणं फार अवघड. सिंगापूरच्या चांगी प्लांटमध्ये कोमट पाण्यात मुख्य प्रवाहातच अ‍ॅनामॉक्स आपसूक काम करताना सापडलेत, त्यामुळे अशक्य म्हणत नाही, संशोधन जोरात आहे. पण आधी बाजूची टाकी नीट चालवून दाखवा, तुमचे ऑपरेटर तिथेच शिकतील, आणि तिथे वाढलेला जास्तीचा स्लज पुढच्या प्लांटला बी म्हणून देता येईल.

ऑपरेटरवरून आठवलं. या टाकीचं ट्रेनिंग सप्लायरच्या माणसाने दोन दिवसात आटपायचं आणि जायचं हे बंद करा. नेहमीच्या टँकमध्ये काही बिघडलं की अनुभवी ऑपरेटर पहिल्यांदा हवा वाढवतो, हाताला तीच सवय असते, आणि तिथे ते बरोबरही असतं. इथे तेच केलं की घात. चांगल्या टाकीतले दाणे विटकरी-लाल दिसतात, त्यांच्यातल्या हीम असलेल्या प्रोटीनमुळे, आणि तो रंग उतरायला लागला तर काहीतरी चुकतंय हे रिपोर्टच्या आधी डोळ्यांना कळतं, हे त्यांना दाखवा. त्यांना पीएचचा आलेख वाचायला शिकवा, हवा चालू असताना उतरतो, बंद असताना चढतो, त्या चढउतारात सगळं दिसतं.

सुरुवात म्हणून फार काही मागत नाहीये. त्या पाईपवर एक फ्लो मीटर बसवा आणि महिनाभर अमोनिया, अल्कलिनिटी, तापमान आणि सस्पेंडेड सॉलिड्स मोजा, सेंट्रिफ्यूज चालू असतानाचे आणि बंद असतानाचे वेगवेगळे, कारण बऱ्याच ठिकाणी ती दिवसपाळीतच चालते आणि लोड एकदम येऊन आदळतो, त्याला आधी बॅलन्सिंग टाकी लागेल. आकडे आले की एरेशनचं बिल शेजारी ठेवून बघा. आणि बघून झाल्यावर तुमच्या प्लांटला हे नको असं ठरलं, डायजेस्टर लहान आहे, नायट्रोजनची मर्यादाच ढिली आहे, काहीही असेल, तर तसं कारणासकट फायलीत लिहा. कन्सल्टंटने नवीन ड्रॉइंग आणलं तर त्यावर त्या तुटक रेषेशेजारी लोड किलोमध्ये लिहिलेला आहे का ते बघा, नसेल तर परत पाठवा.

आपला,
एक प्रोसेस इंजिनियर